गरम पाण्याची पिशवी

"फार कढत नको गं भरूस. मागच्या खेपेला पहिल्या बाकावरच्या मुलीला चटका बसला."

"मागच्या खेपेला तूच भरली होतीस, आई."

"मीच भरली होती म्हणून तर सांगतेय."

चिंगीनं किटलीतलं पाणी जरा निवू दिलं, मग रबरी पिशवीत ओतलं. हवा दाबून काढली, बूच घट्ट पिळलं आणि पिशवी पालथी धरून बघितली. थेंब गळला नाही. मग टॉवेलात गुंडाळून ती लाकडी पेटीच्या तळाशी ठेवली आणि वर फ्लॅनेलचं अस्तर बसवलं. त्रेचाळीस वर्षांची बाई, नकाशे काढण्याच्या कचेरीत वीस वर्षं नोकरी झालेली, डोळ्यांवर जाड चष्मा. पण घरात आणि गल्लीत तिचं नाव चिंगीच राहिलं होतं. तिच्या आईचं नाव तर कुणालाच आठवत नव्हतं. प्रसूतीच्या वॉर्डात छत्तीस वर्षं काढली की माणसाचं नाव झिजून जातं. दूधवाल्यापासून शेजारच्या वकिलापर्यंत सगळे त्यांना सिस्टरच म्हणत.

सिस्टरांचा उजवा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये होता. तीन आठवड्यांपूर्वी न्हाणीघरात पाय घसरला होता. डाव्या हातानं त्या अस्तरावरच्या पाच खळग्यांत पाच जिन्नस एकेक करून ठेवत होत्या.

जिन्नस म्हणजे न जन्मलेली बाळं. आठ आठवड्यांचं, अकरा, सोळा, वीस आणि अठ्ठावीस आठवड्यांचं. पहिलं शेंगदाण्याएवढं, शेवटचं दोन ओंजळींत मावेल एवढं. पूर्ण दिवसांचं त्यात नव्हतं. ते सगळ्यांनी पाहिलेलंच असतं, असं सिस्टर म्हणत. तेहेतीस वर्षांपूर्वी रुग्णालयात कवळ्या बनवणारा एक कारागीर होता. सगळे त्याला दातवाले काका म्हणत. सिस्टरांनी पुस्तकातली चित्रं आणि मापं नेऊन दिली आणि त्यानं कवळीच्या गुलाबी मालात ही पाच घडवली. वजनासाठी आत शिसं भरलं. बोटं करताना तो म्हणाला होता, सिस्टर, दात करायला सोपे असतात हो, ही नखं जीव घेतायत.

माल टणक होता आणि गार. अगदी पहिल्या खेपेला वर्गात एका मुलीनं अकरा आठवड्यांचं हातात घेतलं आणि किंचाळून टाकून दिलं होतं. मेलेलं वाटतं, म्हणाली. तेव्हापासून पेटीच्या तळाला गरम पाण्याची पिशवी. वर्ग सुरू होईपर्यंत पाचही जिन्नस अंगाएवढे उबदार होत, आणि मुलं ती आपणहून हातात धरून ठेवत.

एखादी खेप सोडली तर ही पिशवी गेली कित्येक वर्षं चिंगीच भरत आली होती. पेटी उचलून बसमध्ये चढवायची, शाळेच्या फाटकापाशी उतरवायची, आणि मग वर्गाबाहेरच्या बाकावर पुस्तक घेऊन बसायची. आत मात्र ती कधी आली नव्हती. एकदाही नाही.

सिस्टरांना याचं वाईट वाटे. त्यांना मनातून पेटी चिंगीला द्यायची होती. गर्भपात करू नका हे सांगायला ज्या मंडळातर्फे त्या शाळाशाळांतून जात, त्यांनीही सांगून ठेवलं होतं की आता कुणी तरी तयार करा, सिस्टर. मंडळाकडे तरुण बायका होत्या, पण त्या भिंतीवर रक्तामांसाची चित्रं लावणाऱ्या. सिस्टरांना ते पसंत नव्हतं. घाबरवून शिकवलेलं घाबरेपर्यंतच टिकतं, असं त्या म्हणत. पेटी जावी तर हलक्या हाताच्या माणसाकडे जावी. आणि चिंगीसारखा हलका हात त्यांनी दुसरा पाहिला नव्हता. नकाशावर नदी काढताना तिचा श्वाससुद्धा हलत नसे.

"आज तुला आत यावं लागणार," पेटीचं झाकण लावत सिस्टर म्हणाल्या. "एका हातानं मी बाकाबाकावर कसं फिरवू?"

चिंगी किटली विसळत होती. बराच वेळ विसळत राहिली.

"बरं," ती म्हणाली.

सिस्टरांना वाटलं, घोडं गंगेत न्हालं.

फाटकावरचा पहारेकरी जुना ओळखीचा होता. वर्गातून परत निघताना सिस्टर त्याच्या टेबलावर पेटी उघडून जिन्नस मोजत, कारण एकदा एकानं सोळा आठवड्यांचं खिशात घालून घरी नेलं होतं आणि त्याच्या आजीला घेरी आली होती. तेव्हापासून ही हजेरी. पहारेकऱ्यालाही त्याची सवय झाली होती. आज चिंगीला वर्गाकडे जाताना बघून तो म्हणाला, "काय ताई, आज प्रमोशन?" चिंगी हसली, पण ओठांपुरतीच.

वर्गात चाळीसेक मुलं-मुली होती. सोळा-सतरा वर्षांची, पाय बाकाबाहेर आलेली. त्यांच्या शास्त्राच्या बाई खिडकीशी उभ्या राहिल्या. सिस्टरांनी नेहमीसारखीच सुरुवात केली, अठ्ठावीस आठवड्यांच्या बाळापासून.

ही गोष्ट खरी त्यांच्या आयुष्यातली होती. नोकरीचं दुसरं वर्ष. अठ्ठाविसाव्या आठवड्यात एक पोर जन्माला आलं आणि ज्या काचेच्या पेटीत त्याला ठेवलं होतं ती त्या सकाळी बंद पडली. डॉक्टर म्हणाले, आता काही इलाज नाही. सिस्टर तेव्हा चोवीस वर्षांच्या. त्यांनी गणवेशाची बटणं काढली आणि ते पोर आत छातीशी धरून खुर्चीत बसल्या. नऊ तास. पाणी प्यायला उठल्या नाहीत. दुसरी पेटी आली तेव्हा पोर गुलाबी होतं आणि सिस्टरांच्या मानेला कायमची उसण भरली होती.

"तो आता मालमोटार चालवतो," त्या मुलांना म्हणाल्या. "परवा माझ्याच दारासमोर गाडी मागे घेतली आणि माझं कुंपण पाडलं. मी म्हटलं, अरे, नऊ तास सांभाळलं ते यासाठी का?"

वर्ग हसला. मग चिंगीनं पेटी उघडली आणि जिन्नस बाकाबाकावर फिरू लागले. मागून कुणीतरी म्हणालं, आजोबांची कवळी आली. सिस्टरांना हे दर वर्गात ऐकायची सवय होती. बरोबर ओळखलंस, त्या म्हणाल्या, एकाच कारखान्यातला माल आहे. पण कवळी म्हातारपणी येते आणि हे त्याच्या कितीतरी आधी. मग त्यांनी सगळ्यांना गप्प केलं. ज्याच्या हातात जिन्नस येईल त्यानं तळवा सपाट ठेवायचा, डोळे मिटायचे आणि मनात साठ अंक मोजायचे. एवढंच. बाकी व्याख्यान काही नाही. आठव्या आठवड्यात याचं हृदय केव्हाच चालू झालेलं असतं, विसाव्यात याला आपल्या आईचा आवाज ऐकू यायला लागतो, असं त्या अधूनमधून हळूच सांगत. दांडगी दांडगी मुलं डोळे मिटून बसत. कित्येकांचे ओठ हलत.

शेवटी मात्र सिस्टरांचं एक ठरलेलं वाक्य होतं. चोवीस वर्षांपूर्वी नगराच्या सभागृहात त्यांचा सत्कार झाला, तेव्हा केलेल्या भाषणातलं. 'जिला स्वतःच्या पोटातल्याची दया आली नाही, तिला आई या शब्दावर हक्क सांगता येत नाही.' तेव्हा सभागृह टाळ्यांनी दणाणलं होतं. लोकांनी ते वाक्य वहीत उतरवून घेतलं होतं. तेव्हापासून प्रत्येक वर्ग याच वाक्यावर संपे.

आज त्या वाक्याला यायच्या आधीच तिसऱ्या बाकावरच्या एका मुलीनं हात वर केला. केस कापलेले, बाह्या बोटांपर्यंत ओढलेल्या.

"आणि जिनं आधीच पाडून टाकलंय," ती म्हणाली, "तिनं काय करायचं?"

वर्गात खसखस पिकली. बाईंनी खिडकीजवळूनच डोळे वटारले. सिस्टरांना प्रश्नाचं आश्चर्य वाटलं नाही. उत्तर तयारच होतं, तेच वाक्य. त्यांनी तोंड उघडलं आणि त्या मुलीकडे बघितलं, आणि तिच्या बाकापाशी उभ्या असलेल्या चिंगीकडे त्यांची नजर गेली.

चिंगीच्या हातात दोन नंबरचं होतं. अकरा आठवड्यांचं. मुलीला द्यायला तिनं पेटीतून काढलं होतं, पण दिलं नव्हतं. डाव्या तळव्यावर ते आडवं होतं आणि त्यावर तिनं उजवा हात पोकळ करून धरला होता, वाऱ्यात काडी पेटवल्यावर धरतात तशी. तिला स्वतःला त्याचं भान नव्हतं. ती त्या मुलीकडे बघत होती.

सिस्टरांनी छत्तीस वर्षांत हजारो हात पाहिले होते. पहिलटकरणीचे धांदरट हात, पाचव्या खेपेचे सरावलेले हात, बापांचे घामेजलेले हात. जिवंत मूल कुणी असं धरत नाही. जिवंत मुलाचं तोंड उघडं ठेवतात. असं वरून झाकून फक्त त्या बाया धरत, ज्यांचं मूल गेलेलं असे आणि नेण्याआधी घटकाभर त्यांच्या हातात दिलेलं असे. त्यांना कुणी शिकवलेलं नसे. तरी सगळ्या तसंच धरत.

आणि मग सिस्टरांना ते डोळे आठवले.

चिंगी तेव्हा एकोणीस वर्षांची होती. मावशीकडे चार दिवस म्हणून गेली आणि पंधरा दिवस राहिली. मावशीचा निरोप आला, पोरीला कावीळ झालीय, सक्त विश्रांती सांगितलीय, येऊ नकोस, काळजी करू नकोस. सत्काराच्या धामधुमीतून सवड काढून सिस्टर तरीही गेल्या होत्या. चिंगी भिंतीकडे तोंड करून निजली होती. सिस्टरांनी तिची हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं होतं आणि खालची पापणी ओढून बघितली होती, रोज पन्नास जणांची बघत तशी. डोळे पांढरेशुभ्र होते. कावीळ नव्हतीच. हे त्यांना त्या क्षणी दिसलं होतं. पण त्यांनी पापणी सोडली, म्हणाल्या, उतरतेय वाटतं, आणि परतीची बस गाठली. दिसलं होतं आणि बघितलं नव्हतं.

"सिस्टर?" शास्त्राच्या बाई म्हणाल्या.

"मला माहीत नाही," सिस्टर म्हणाल्या.

तेहेतीस वर्षांत हे वाक्य त्यांच्या तोंडून वर्गात कधी निघालं नव्हतं. मुलं एकमेकांकडे बघू लागली. मग चिंगीच त्या मुलीला म्हणाली, अगदी हळू, पण सगळ्यांना ऐकू गेलं.

"तिनं कुणाला तरी सांगावं. एकटीनं नाही ठेवायचं ते."

"कुणाला?" मुलीनं विचारलं.

चिंगी खाली बघत राहिली.

सिस्टर वळल्या. खडू डाव्या हातात घेतला आणि फळ्यावर आपल्या घराचा पत्ता लिहिला. पहिलीतल्या पोरानं काढावीत तशी वाकडीतिकडी अक्षरं. खाली लिहिलं, 'केव्हाही.' त्यापुढे आणखी काहीतरी लिहायचं होतं, पण त्यांनी खडू खाली ठेवला. मग घंटा झाली.

सत्काराच्या भाषणातलं ते वाक्य म्हणायचं राहिलं.

बस यायला अवकाश होता. फाटकाच्या आत, ज्या बाकावर चिंगी वर्षानुवर्षं वाट बघत बसे, त्या बाकावर दोघी बसल्या. पेटी मध्ये. सिस्टरांनी वर बघितलं तर वर्गाच्या खिडक्या बरोबर डोक्यावर होत्या आणि उघड्या होत्या. आतला बाक सरकवल्याचा आवाज स्पष्ट ऐकू येत होता. म्हणजे इथं बसून सगळं ऐकू येत असणार. दर वेळी. शेवटच्या वाक्यासकट.

"कावीळ नव्हती," सिस्टर म्हणाल्या.

चिंगीनं चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"नाही."

कोण होता, कुठला होता, हे सिस्टरांनी विचारलं नाही. चिंगीनं आपण होऊनच सांगितलं की कॉलेजातलाच होता, कळल्याबरोबर गाव सोडून गेला, आणि आता त्याचा चेहराही तिला धड आठवत नाही. मावशीनंच डॉक्टरांकडे नेलं होतं. मावशी आधी नको म्हणत होती. आईला सांगू या, म्हणत होती. चिंगीनं तिला शपथ घातली.

"मला का नाही सांगितलंस?"

"आले होते सांगायला." चिंगीचा आवाज एखाद्या रस्त्याची दिशा सांगावी तसा सरळ होता. "त्या शनिवारी. वॉर्डात. तू कपडे बदलायच्या खोलीत आरशासमोर भाषण पाठ करत होतीस. मी दारातच उभी होते. ते वाक्य तू तीनदा म्हटलंस. कुठल्या शब्दावर जोर द्यायचा ते ठरत नव्हतं तुझं. मग तुझं लक्ष गेलं. मी म्हटलं, घराची किल्ली हवी होती."

सिस्टरांना तो शनिवार आठवत होता. इस्त्रीचा गणवेश, आरसा, दारातली पोर. किल्ली दिलेली आठवत होती.

"मी काहीच विचारलं नाही तुला."

"विचारलंस की. जेवलीस का, म्हणालीस."

मैदानावर मुलं चेंडू खेळत होती. एक चेंडू गडगडत बाकापर्यंत आला. चिंगीनं तो पायानं परत ढकलला.

सिस्टरांच्या मनात राहून राहून एकच येत होतं आणि ते विचारल्याशिवाय त्यांना गत्यंतर नव्हतं. "चिंगे, तुला माहीत नव्हतं का गं... ते काय असतं ते?"

"आई," चिंगी म्हणाली, "मला माहीत नव्हतं? दहा वर्षांची असल्यापासून मी यांच्याशीच खेळले. मला दुसऱ्या बाहुल्या होत्याच कुठं? दोन नंबरचं मी पेन्सिलीच्या डबीत निजवायचे. अकराव्या आठवड्यात बोटं सुटी झालेली असतात, नखं यायला लागतात. डॉक्टरांच्या टेबलावर पडल्यापडल्या मी तेच मनात म्हणत होते. अंगठा, तर्जनी. तू शिकवलंस त्यातलं काहीसुद्धा मी विसरले नव्हते." ती थांबली. "तू मला घरात घेशील का, एवढंच माहीत नव्हतं."

घेतलं असतं गं, असं म्हणायला सिस्टरांनी श्वास घेतला. पण त्या आपल्याच सत्तेचाळीस वर्षांच्या रूपाला शोधत होत्या. आरशासमोरची ती ताठ मानेची, मानी बाई, जिला अख्खं नगर ओळखत होतं आणि जिनं पांढरेशुभ्र डोळे बघून पापणी सोडून दिली. तिनं काय केलं असतं? कदाचित रडली असती, बोलली असती, आणि सकाळी उठून दोघींसाठी चहा टाकला असता. कदाचित नसतंही. त्यांना खात्रीनं सांगता येईना. आणि आज लेकीशी खोटं बोलायचं नव्हतं.

नऊ तास परक्याचं पोर छातीशी धरलं होतं. स्वतःची दारात उभी राहून किल्ली घेऊन गेली. तेवीस वर्षांचं झालं असतं ते. मुलगा की मुलगी, तेही कुणाला ठाऊक नाही.

त्यांनी डावा हात पुढे केला आणि चिंगीची हनुवटी धरली. तोंड उजेडाकडे वळवलं. या वेळी पापणी ओढली नाही, नुसतं बघत राहिल्या. चिंगीनं बघू दिलं. मग तिनंच सांगितलं की बसची वेळ झाली.

"पेटी मी नाही चालवणार, आई," उठताना ती म्हणाली. "तू चूक सांगतेस म्हणून नाही. मला नाही जमणार ते."

"नको," सिस्टर म्हणाल्या. "मी नाही देणार तुला."

फाटकाशी पहारेकऱ्यानं टेबल मोकळं करून ठेवलं होतं. सिस्टरांनी सवयीनं झाकण उचललं. आठ होतं. सोळा, वीस, अठ्ठावीस. दुसरा खळगा रिकामा होता. फ्लॅनेलवर दातवाल्या काकांनी घडवलेल्या त्या इवल्या पाठीचा ठसा होता.

चिंगी दोन पावलं पुढे जाऊन उभी होती, रस्त्याकडे तोंड करून. तिचा डावा हात कोटाच्या खिशात होता.

"भरली का हजेरी, सिस्टर?" पहारेकरी म्हणाला.

"भरली." त्यांनी झाकण लावलं. "सगळे आहेत."

बस आली. चिंगीनं पेटी उचलायला उजवा हात पुढे केला, पण मग दांड्याला धरायला तिला हात उरला नसता, आणि डावा खिशातून बाहेर काढावा लागला असता. सिस्टरांनी पेटी तिच्याआधी उचलली. काखेत मारली, प्लास्टरचा हात खालून आधाराला लावला आणि एकाहत्तराव्या वर्षी तीन पायऱ्या चढल्या. चिंगी मागून दांड्याला धरून चढली.

खिडकीपाशी जागा मिळाली. मग सिस्टरांनी पेटी मांडीवर उघडली, अस्तराखाली हात घालून रबरी पिशवी बाहेर काढली, तिचा ओलसर टॉवेल सोडवला, आणि चिंगीच्या कोटाच्या त्या खिशावर ती हळूच टेकवून धरली.

पिशवी अजून कोमट होती.